कोश तपासणारे मळेकर सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. फोनवर काकू होत्या, सरांच्या पत्नी. "शैला, सर गेले गं. जेवून पडले होते, चहाला उठवायला गेले तर..." फोन ठेवल्यावर मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते. पण सरांवर लिहायचं आणि त्यातही लपवाछपवी करायची, हे आता माझ्याच्यानं होणार नाही. पहिलं आलं ते, 'बाई गं, वेळेत सांगून झालं!' रडू नंतर आलं, भरपूर आलं. बारा वर्षं मी या माणसाशी एक खोटं बोलून बसले होते. दर भेटीत ते घशाशी यायचं आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जायचं. ते शेवटी सांगितलं, ते सर जायच्या तीन आठवडे आधी. तेवढं झालं नसतं तर आज हा लेख लिहायला मी बसलेच नसते.

शंकर धोंडिबा मळेकर हे त्यांचं पूर्ण नाव. गाव हिर्डोशी, वरंधा घाटाच्या वाटेवरचं. घरी भात आणि नाचणी, शाळेसाठी रोजची पायपीट. विज्ञानाचे शिक्षक झाले आणि नोकरी जवळजवळ सगळी वेल्ह्याच्या बाजूला केली, मार्गासनीत खोली घेऊन. निवृत्तीनंतर मुलाकडे वरवे बुद्रुकला राहायला आले. मी तेव्हा भोरच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होते. आमची ओळख झाली ती भांडणातून. मी नुकताच विज्ञानाच्या इतिहासाचा एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचा कोश घेतला होता आणि तो कौतुकानं दर्शनी कपाटात उभा केला होता. सर आले, त्यांनी तो काढला आणि मागून उघडला. शेवटची दहा-बारा पानं बोट फिरवत वाचली आणि मला विचारलं, "हा कुणाला विचारून घेतलात?" मी म्हटलं, "विक्रेते म्हणाले, फार चांगला आहे." सर म्हणाले, "विकणाऱ्यालाच विचारायचं तर मग तुम्हाला हितं कशाला बसवलंय?" मी दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी कोश मागून उघडून बघितला. संदर्भांच्या यादीत एकाच लेखकाची पुस्तकं होती, आणि तो लेखक म्हणजे संपादक स्वतःच.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले. भोर-वेल्ह्यातल्या आमच्या नऊ वाचनालयांनी मिळून ठरवलं की विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासावरचं कुठलंही मोठं संदर्भपुस्तक सरांनी तपासल्याशिवाय घ्यायचं नाही. सर महिना-दोन महिने पुस्तक घरी ठेवून घ्यायचे आणि एका पानाचा अभिप्राय लिहून द्यायचे. त्यांची तपासायची रीत मला पाठ आहे. आधी मागची पानं, म्हणजे हे कुठून आणलं ते. मग जिथं बढाई मारायचा मोह होईल अशी एखादी नोंद. ते म्हणायचे, "एक कोश म्हणतो सगळं आपणच आधी शोधलं. दुसरा म्हणतो सगळं जहाजातून आलं, आपण नुसते किनाऱ्यावर उभे. दोघंही घरात बसून लिहितात." मग पुस्तकात 'नक्की माहिती मिळत नाही' हे वाक्य किती वेळा आलंय ते बघायचे. ज्या कोशाला सगळंच माहीत असतं त्याच्यावर त्यांचा भारी राग. आणि सगळ्यात शेवटी हातानं करायच्या कामाची एखादी नोंद काढायची आणि ते काम जन्मभर केलेल्या माणसाला वाचून दाखवायची. ही त्यांची खरी परीक्षा.

या परीक्षेला मी बऱ्याचदा त्यांच्याबरोबर गेले आहे. पिशवीत तो चार किलोचा कोश, एसटीचा प्रवास, मग पुढे चालणं. एकदा घोंगडीची नोंद घेऊन आम्ही एका म्हाताऱ्या विणकराकडे गेलो होतो. सरांनी खणखणीत वर्गातल्या आवाजात वाचलं की लोकरीच्या सुताला तांदळाची खळ लावतात. म्हातारा माग थांबवून म्हणाला, "तांदळाची पेज आमी पितो. घोंगडीला चिचुक्याची खळ लागती. ह्ये लिवणाऱ्यानं घोंगडी कंदी पांघारली तरी व्हती का?" सरांनी तिथंच पेन्सिलनं समासात फुली मारली. बाहेर आल्यावर इतके खूश, की जसं काही त्यांचंच पुस्तक पास झालं होतं. माणूस तसा तापट, पण कुणी आपल्याला चूक दाखवली की लहान मुलासारखा खुलायचा. हे मी डोळ्यांनी बघत होते, तरीसुद्धा पुढे जे केलं ते केलंच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. सर मला हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरांच्या एका वस्तीकडे घेऊन गेले. वस्तीच्या अलीकडे एक मोठा सपाट कातळ आहे आणि त्यात वाटीसारखे दहा-पंधरा खळगे आहेत. कातळाच्या खालच्या बाजूला जमीन काळी, आणि त्यात भाजून विटेसारखी झालेली ढेकळं. सर खाली बसले, एक ढेकूळ हातात फिरवलं आणि म्हणाले, "हितं लोखंड गाळत असतील काय गं? भट्टीची जागा वाटती... वस्तीवर विचारलं पाहिजे." वस्तीवर गेलो तर दारांना कड्या. सगळे खाली लग्नाला गेलेले. चारची एसटी चुकली असती तर मुक्काम पडला असता, म्हणून आम्ही तसेच उतरलो. उतरताना सर दोनदा म्हणाले, परत यायला हवं.

पुढच्याच महिन्यात मला एका प्रादेशिक कोशाचं पत्र आलं. ग्रंथपालांनी आपापल्या भागातल्या जुन्या कारागिरीवर नोंदी पाठवाव्यात, मुदत आठ दिवसांची. मी लिहिलं, 'येथे लोखंड गाळण्याच्या प्राचीन भट्ट्यांचे अवशेष आढळतात.' असतील काय, वाटतं, विचारायला हवं... सगळं गाळलं. प्राचीन हा शब्द तर माझा स्वतःचा, पदरचा. नोंद छापून आली. खाली बारीक अक्षरात माझं नाव. माझ्या वडिलांनी ते पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देवाजवळ ठेवलं होतं. सर पुस्तक घेऊन आले, नोंद उघडली आणि चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "वस्तीवर विचारलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो, विचारलं."

"शाबास," म्हणाले. दुसरा प्रश्न नाही. माझी उलटतपासणी त्यांनी केली असती तर मी पहिल्याच मिनिटाला गारद झाले असते. पण त्यांना वाटलं, ही आपल्या हाताखाली तयार झालेली पोरगी, ही विचारल्याशिवाय लिहील कशाला? तो विश्वासच पुढं मला छळत राहिला. एक-दोनदा ठरवलं की गुपचूप जाऊन विचारून यावं, म्हणजे खोटं मागच्या मागं खरं होईल. पण चुकीचं निघालं तर? या भीतीनं गेले नाही. माणूस किती शहाणा असतो बघा, खड्डा दिसतो तरी त्याच्या भोवती बारा वर्षं फेऱ्या मारतो.

काही वर्षांनी दुसरा एक कोश आला. त्यात माझी नोंद जवळजवळ शब्दशः. मग अलीकडे तिसरा आला, तीन खंडांचा, चांगला मेहनतीनं केलेला. त्यातही आमच्या कातळावर लोखंड गळतच होतं आणि खाली दोन संदर्भ दिले होते, पहिला कोश आणि दुसरा कोश. खरं तर अशी नक्कल ओळखायची युक्ती सरांनीच मला शिकवली होती. ते परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं उदाहरण द्यायचे. "बरोबर उत्तर दहा जणांचं सारखं येतं, त्यात काही नवल नाही. पण चूक सारखी आली की समजायचं, बाक जवळ होते." असं म्हणणारा माणूस इथं मात्र फसला, कारण त्या रांगेतल्या पहिल्या बाकावर त्याची स्वतःची विद्यार्थिनी बसली होती. त्या तीन खंडांच्या अभिप्रायात सरांनी लिहिलं, 'आपल्या भागाची नोंद प्रत्यक्ष चौकशी करून घेतलेली आहे, हे मला खात्रीनं माहीत आहे. यावरून इतर नोंदींचाही भरवसा धरता येईल.' नऊ वाचनालयांनी तो कोश घेतला. सरांच्या आयुष्यात त्यांनी खात्रीनं म्हणून लिहिलेली वाक्यं फार थोडी, आणि त्यातलं हे एक माझ्या थापेवर उभं होतं.

यंदा सरांची तब्येत उतरत गेली. छातीचं दुखणं, पायावर सूज, डॉक्टरांनी फिरणं बंद केलेलं. वाचायला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून मी आठवड्यातून एकदा वरव्याला जाऊन त्यांना वाचून दाखवायचे. कथा-कादंबऱ्या नकोतच, कोशच वाचायचा. मी पाणचक्कीची नोंद वाचायची आणि त्यांनी डोळे मिटून 'पुढं' म्हणायचं. त्या दिवशी घड्याळांवरची नोंद संपली आणि ते म्हणाले, "आता आपली वाच." मला कळलं नाही असं दाखवलं. "अगं, आपली. हिर्डोशीची. तेवढं एक काम आपलं कोशात राहिलं बघ." मी पान उघडलं. पहिला शब्द वाचला आणि दुसरा येईना. पंख्याचा आवाज, बाहेर कुणाची तरी मोटरसायकल... आणि मी बोलून गेले, "सर, मी विचारलं नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. "कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही. तुम्ही जे म्हणालात तेच लिहिलं. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या. सर भिंतीकडे तोंड करून वळले. मी रडत होते. चहावर साय धरली. शेवटी भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "जा आता." मी पिशवी उचलली. मनात म्हटलं, संपलं, हा माणूस आता आपलं तोंड बघणार नाही. दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, वर्गातला तोच जुना आवाज. "घरी न्हाई. हिर्डोशीला जा. जे तवा केलं न्हाईस ते आता कर. आन् कोश घेऊन जा, तोंडी सांगू नकोस. वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गेले. साठी ओलांडलेली बाई, हातात कोशाचा दुसरा खंड, आणि तो चढ. वस्तीवर बायजाबाई भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण जीभ शाबूत. मी कातळावर बसून नोंद वाचली. त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या, 'प्राचीन भट्ट्या' आल्यावर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "भट्टी? हितं? आगं बाय, भट्टी असती तर आमी विळं-कोयतं आणाय भोरला कशाला गेलो असतो?" मी काळ्या जमिनीकडे बोट दाखवलं. "मग ही भाजलेली ढेकळं?" "राब हाय त्यो! दरसाल भाजतो आमी."

राब म्हणजे रोपं टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण रचून जमीन भाजून काढायची, ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. हिर्डोशीच्या पोराला राब ओळखू आला नव्हता! आणि वाट्या? "गुरास्नी मीठ घालतो त्यात. पावसाळ्यात लई हावरी व्हत्यात मिठाला. माज्या सासऱ्यानं टाकी-हातोडा घिऊन खोल केल्या वाट्या, म्या बघितलंय." करून बघितल्याशिवाय मानायचं नाही, हा सरांचा धडा आठवून मी म्हटलं, "घालून दाखवता?" बायजाबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, पण घरातून मूठभर खडेमीठ आणलं, दोन वाट्यांत टाकलं आणि एक लांब हाक मारली. खालच्या झाडीतून दोन म्हशी चढून आल्या आणि बारा वर्षांच्या माझ्या प्राचीन भट्टीत जीभ घालून मीठ चाटायला लागल्या. मी इतकी हसले की बायजाबाईंनी पाणी आणून दिलं.

त्याच पावली मी वरव्याला गेले. सरांनी सगळं ऐकलं. राबाशी आल्यावर ते उठून बसले. "राब! अगं, माझ्या बापानं जन्मभर भाजला, धूर खाऊन खाऊन मी शाळेत जायचो... आणि मला भट्टी दिसली! दोन पुस्तकं वाचली की माणूस घरचं विसरतो बघ." हसता हसता ठसका लागला, काकूंनी पाठ चोळली, तरी हसणं थांबेना. मग एकदम थांबले. "खोल केल्या म्हणाली? म्हणजे आधी उथळ व्हत्या. त्या कुणी केल्या?" मी म्हटलं, "ते मी विचारलं. त्यांना माहीत नाही." "मग तसं लिहायचं. माहीत नाही." माझ्या खोट्याबद्दल ते त्यानंतर एकच वाक्य बोलले. म्हणाले, "त्या दिवशी कड्या बघून परत फिरलो तो मी. तू माझ्या मागनं उतरलीस." मी काही बोलायला गेले तर हातानं गप्प केलं आणि कागद मागितला.

पुढची आवृत्ती निघेल तेव्हा निघेल, पत्र पाठवू, पण आपल्या नऊ ठिकाणची मुलं हीच प्रत वाचणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नऊ चिठ्ठ्या करायच्या आणि त्या त्या पानावर डकवायच्या. मी टाइप करून आणते म्हटलं तर रागावले. टाइप केलेली चूक आणि टाइप केलेली दुरुस्ती सारखीच दिसते, हातानंच लिहिणार. त्या तीन आठवड्यांत मी चारदा गेले आणि दरवेळी एक-दोन चिठ्ठ्या झालेल्या असायच्या. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ. 'ही नोंद चूक आहे. कातळातील वाट्यांत गुरांना मीठ घालतात. काळी जमीन राबाची आहे. वाट्या मुळात कुणी केल्या ते माहीत नाही. माहिती देणाऱ्या, बायजाबाई. अभिप्राय देताना मी खात्री केली नव्हती. शं. धों. मळेकर.' मी विचारलं, "आणि माझं नाव?" ते म्हणाले, "खाली जागा सोडली आहे. भरायची की न्हाई, तुझं तू बघ." शेवटच्या भेटीत आम्ही चिठ्ठ्यांबद्दल बोललोच नाही. काकूंनी नाचणीची आंबील केली होती, ती आम्ही तिघं प्यायलो आणि सरांनी मीठ जास्त झालं म्हणून काकूंना चिडवलं, आता म्हशी येतील म्हणे. असा त्यांचा निरोप मला मिळाला, हे माझं नशीब.

सरांचं दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला एक पाकीट दिलं. सात चिठ्ठ्या लिहून झालेल्या, दोन कोऱ्या. त्या दोन मी लिहिल्या. मजकूर त्यांचाच ठेवला, फक्त शेवटी माझं एक वाक्य घातलं. मग गव्हाच्या पिठाची खळ केली आणि पहिली चिठ्ठी घेऊन माझ्याच जुन्या वाचनालयात गेले, जिथं आता माझ्या जागी एक नवी मुलगी ग्रंथपाल आहे. मुद्दाम माझ्या हातची चिठ्ठी आधी काढली. ती पानावर डकवली, बोटानं दाबली आणि सोडलेल्या जागेत सही केली. ती मुलगी खांद्यावरून वाचत होती. शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, 'मी विचारल्याशिवाय लिहिलं आणि विचारलं म्हणून सांगितलं.' मग जरा घाबरतच तिनं विचारलं, "मॅडम, हे कळल्यावर सर काय म्हणाले हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "काही नाही. हिर्डोशीच्या एसटीत बसवलं."